स्पेक्ट्रमला पिन लावण्याआधी: तेरा वर्षांनी परत येणाऱ्यांसाठी

माळ्यावरची पेटी मी उघडली ती २०२४ च्या नवरात्राआधीच्या साफसफाईत. वर सोलापुरी टॉवेल, त्याच्या घडीत माझा डीबी स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे कॅसेटवरून प्रोग्रॅम वाचणारा जुना घरगुती कॉम्प्युटर, आणि खाली बुटाच्या खोक्यात अकरा कॅसेटी. त्या अकरातली एकही माझी नव्हती. २०११ मध्ये "कॉपी करून पुढच्या रविवारी आणते" असं सांगून मी त्या नेल्या होत्या. त्याच आठवड्यात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांचं करण्यात चार वर्षं गेली, मग मुलीची दहावी, बारावी. जुळे सोलापुरातल्या ज्या ओसरीवर आम्ही सात-आठ जण दर रविवारी जुने कॉम्प्युटर उघडून बसायचो, तिथं मी तेरा वर्षं पाऊल टाकलं नाही. कुणाला काही कळवलंही नाही.

माझ्यासारखे आणखी असतील. मशीन कपाटात आहे, मन अधूनमधून तिकडं जातं, पण इतक्या वर्षांनी कुठल्या तोंडानं जायचं, हा प्रश्न पडतो. त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी शाळेत गणित शिकवते, इलेक्ट्रॉनिक्स माझा विषय नाही. पण परत जाताना काय आधी करायचं आणि काय नंतर, हे आता मला नीट माहीत आहे.

पिन लावू नका

पेटी उघडल्यावर पहिली इच्छा होते ती चालू करून बघायची. ती आवरा. निदान दोन आठवडे आवरा.

स्पेक्ट्रमचा अडॅप्टर ९ व्होल्ट डीसीचा, १.४ अँपिअरचा. त्याची गोम अशी की पिनेचं मधलं टोक ऋण आहे आणि बाहेरचं धन. आज घरात पडलेले वायफाय राउटरचे, सेट टॉप बॉक्सचे अडॅप्टर बहुतेक उलटे असतात, म्हणजे मधलं टोक धन. पिन तर अगदी बरोबर बसते, वर ९ व्होल्ट लिहिलेलंही असतं. आमच्यातल्या एकानं २००८ मध्ये हेच केलं होतं. मशीनमधून चटका लागल्यासारखा वास आला आणि पुढचे तीन रविवार आम्ही त्याच्या दुरुस्तीत घालवले. म्हणून मल्टीमीटर लावून टोकं तपासल्याशिवाय कुठलाच अडॅप्टर जोडू नका. मूळ अडॅप्टर असेल तर मीटरवर ९ ऐवजी १२-१३ व्होल्ट दिसले तरी घाबरू नका. तो रेग्युलेटेड नसतो, भार नसताना जास्त दाखवतोच.

दुसरं कारण कंडेन्सर. आत जे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आहेत त्यांच्यातला द्रव तीस-पस्तीस वर्षांत सुकतो किंवा पाझरतो. सोलापूरच्या पत्र्याखालच्या माळ्यावर एप्रिल-मे काढलेल्या मशीनचे तर आधी. ते सगळे बदलायला फार पैसे लागत नाहीत, पण हात बसलेला माणूस लागतो.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. ४८के, म्हणजे ४८ किलोबाइट मेमरीच्या, मशीनमधली खालची १६के मेमरी ४११६ नावाच्या आठ चिपांची असते आणि या चिपांना तीन वेगवेगळे दाब लागतात: अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५ व्होल्ट. ते १२ आणि उणे ५ मशीन स्वतःच्या पोटात एका छोट्या कॉइलच्या आणि दोन ट्रान्झिस्टरांच्या जोरावर तयार करतं. त्यातला उणे ५ गेला आणि १२ चालू राहिला, तर चिपा मरतात. कुणीतरी जाणता शेजारी असेल तर तो चालू केल्या केल्या मीटरचं टोक चिपेच्या पायांवर ठेवतो: पाय १ वर उणे ५, पाय ८ वर १२, पाय ९ वर ५. एक जरी आकडा चुकला तरी लगेच बंद. हे एकट्यानं, एका हातात मीटर आणि एका हातात प्लग धरून करायचं काम नाही.

म्हणून म्हणते, मशीनच्या आधी माणसं गाठा.

माणसं कशी गाठायची

माझ्या जुन्या डायरीत आठ नंबर होते. त्यातले पाच लँडलाइनचे. एकही लागला नाही. मोबाइलचे तीन होते, त्यातला एक कुणा भलत्याच गृहस्थांकडे गेलेला.

अशा वेळी फोनच्या मागे लागू नका, पायी जा. दर छोट्या शहरात या छंदातली माणसं एखाद्या दुकानाला बांधलेली असतात. आमच्यात ते दुकान म्हणजे नवी पेठेतले रेकॉर्डरवाले काका. कॅसेट रेकॉर्डरचे पट्टे, हेड, मोटारी आम्ही सगळे त्यांच्याकडून घ्यायचो. मी दुपारी तीनला गेले, गिऱ्हाईक नसतं अशा वेळी. आता तिथं मिक्सर आणि इंडक्शनच्या शेगड्या दुरुस्तीला होत्या. काकांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "काय ताई, किती वर्षं झाली! तुमचा पट्टा तयार करून ठेवला होता की." २०११ मध्ये मी रेकॉर्डरच्या पट्ट्याचं माप देऊन आले होते. तो त्यांनी शोधायला खाली वाकून बघितलंसुद्धा.

इथं एक गोष्ट सांगते. का आला नाहीत, याचं लांबलचक स्पष्टीकरण तयार करून जाऊ नका. मी रिक्षात बसून मनात सगळं जुळवलं होतं. त्यातलं मी एकच वाक्य बोलले, "सासूबाई आजारी होत्या, मग राहूनच गेलं," आणि काकांनी स्टूल पुढे सरकवलं. पुरेसं होतं.

आणि मशीनबद्दल विचारण्याआधी माणसांबद्दल विचारा. हे मी केलं नाही आणि मला त्याचं वाईट वाटतं. मी आधी विचारलं, "अजून बसता का रविवारी? कुणाचं मशीन चालू आहे?" काका म्हणाले, चार जण बसतात. मग थोडं थांबून म्हणाले, "सर गेले. २०२० ला."

सर म्हणजे ज्यांच्या साखर पेठेतल्या खोलीत १९९० च्या सुट्टीत मी बेसिक ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकले ते. खोलीत दोन स्पेक्ट्रम, एक ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, आणि खालच्या मजल्यावर यंत्रमाग. मागांचा खडखडाट इतका की सर फळ्यावर लिहूनच शिकवायचे. कीबोर्डच्या फटींत सुताची तुसं अडकायची, ती काढायला एक जुना दाढीचा ब्रश टेबलावरच असायचा. माझ्या खोक्यातल्या अकरा कॅसेटींपैकी चार सरांच्या होत्या, त्यांच्या हाताची निळी शाई असलेल्या.

परत येताना तुमच्याही बाबतीत हे होणार. तेरा वर्षं हा मोठा काळ आहे. ज्यांच्याकडे जायचंय त्यांच्या घरातल्यांना आधी भेटा, सांत्वनाचं राहून गेलं असेल तर ते करा. सरांच्या घरी जाऊन मी त्यांच्या पत्नीला, काकूंना, भेटले, मग त्या रविवारी ओसरीवर गेले.

उसनं घेतलेलं सगळ्यात आधी

घरात दुसऱ्याचं जे काही असेल त्याची यादी करा आणि ते घेऊनच जा. कॅसेटी, मॅन्युअल, स्क्रू ड्रायव्हर, सुटे भाग, उधारीचे पैसे. माझ्या यादीत अकरा कॅसेटी आणि एक सोल्डर पंप निघाला. पंप मी पहिल्याच भेटीत दिला. कॅसेटींबद्दल मात्र सांगितलं की त्या आधी लॅपटॉपवर उतरवून घेते, मग मूळ कॅसेट आणि फाइल दोन्ही देते. हे सगळ्यांना पटलं, कारण तेवढ्या काळात इतरांकडच्या प्रती हरवल्या होत्या किंवा कुणीतरी त्यावर गाणी भरली होती. तुम्ही लाजून लपवून ठेवलेली वस्तू कदाचित उरलेली एकमेव प्रत असते. तशीच परत देऊन मोकळं होऊ नका. आधी ती वाचवा.

कॅसेट उतरवणं

मी या कामाला मशीनच्या आधी बसले. स्पेक्ट्रमचे भाग आज पुन्हा मिळतात. मेमरीच्या चिपांना पर्याय निघालेत, कीबोर्डची नवी मेम्ब्रेन, म्हणजे कळांखालचा पातळ प्लास्टिकचा पडदा, कुणी ना कुणी बनवतं. घरी भरलेल्या कॅसेटीला पर्याय नाही. शिवाय कॅसेट वाचायला स्पेक्ट्रम लागतच नाही, चांगला रेकॉर्डर आणि लॅपटॉप पुरतो.

आधी कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन छोट्या खिट्ट्या मोडा. त्या मोडल्या की तिच्यावर चुकून रेकॉर्डिंग होत नाही. मग उजेडात धरून बघा. फीत सरळ गुंडाळली आहे का, पांढरट बुरशी आहे का, आणि मधल्या फटीतली ती छोटी गादी जागेवर आहे का. पितळी पट्टीवर चिकटवलेली ही गादी फितीला रेकॉर्डरच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, दाबून धरते. गोंद सुकून ती गळून पडते आणि आवाज कापसातून आल्यासारखा येतो. माझ्या अकरातल्या तीन कॅसेटींची गादी गेली होती. स्क्रूवाली कॅसेट असेल तर उघडून दुसऱ्या कॅसेटीतली गादी पट्टीसकट बसवता येते. चिकटवून बंद केलेली असेल तर फीतच काढून दुसऱ्या खोळीत घालावी लागते. ते काम घाई न करता, पंखा बंद करून करायचं.

सोलापूरच्या हवेचा एक फायदा झाला. मुंबईच्या मैत्रिणीकडे त्याच काळातल्या कॅसेटी बुरशीनं गेल्या, माझ्या एकीवरही बुरशी नव्हती. धूळ मात्र होती.

कॅसेट लावण्याआधी रेकॉर्डर स्वच्छ हवा. हेड आणि रबरी चाक कापसाच्या बोळ्यानं पुसा. आयसोप्रोपिल अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळतं. हेडला सढळ लावलं तरी चालतं, रबराला बेतानं लावा. जुने पट्टे विरघळून डांबरासारखे झालेले असतात, ते बोटाला लागले की सुटत नाहीत. काकांनी मला नवा पट्टा बसवून दिला. मग प्रत्येक कॅसेट एकदा टोकापर्यंत पुढे आणि एकदा मागे फिरवा. वर्षानुवर्षं चिकटून बसलेले वेढे त्यानं सुटतात.

आता कानाचं काम. स्पेक्ट्रमची कॅसेट लावली की आधी पाचेक सेकंद एकसुरी शीळ येते, साधारण ८०७ हर्ट्झची. तिच्यानंतर अगदी छोटा खरखरता तुकडा येतो. तो म्हणजे १७ बाइटचा हेडर, त्यात फाइलचं नाव आणि लांबी. मग दोन सेकंद पुन्हा शीळ आणि त्यानंतर खरा मजकूर, तो लांबलचक कर्कश आवाज. त्यात शून्य म्हणजे साधारण २,०४७ हर्ट्झचं एक आवर्तन आणि एक म्हणजे त्याच्या निम्म्या वारंवारतेचं. आकडे एवढ्यासाठी सांगतेय की यातला वरचा सूर आधी मरतो. हेड किंचित तिरकं असलं की बारीक सूर दबतो, शून्य ओळखू येत नाही, आणि पडद्यावर ती ओळख असलेली ओळ येते: टेप लोडिंग एरर.

हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवला की हेडचा कल बदलतो. फिरवण्याआधी मार्करनं त्याची मूळ जागा खुणेनं नक्की करून ठेवा. मग शीळ संपून मजकुराचा आवाज सुरू झाला की स्क्रू अगदी थोडा, घड्याळाच्या पाच मिनिटांएवढा, इकडे तिकडे करा. एका जागी आवाज एकदम धारदार, टोकदार होतो. तिथं थांबा. लक्षात ठेवा, घरी भरलेली कॅसेट ज्या रेकॉर्डरवर भरली त्याच्या हेडचा कल तिच्यात उतरलेला असतो. म्हणून एका कॅसेटीला जमवलेली जागा दुसरीला चालेलच असं नाही. सरांच्या चारही कॅसेटी एकाच कलाच्या निघाल्या. ते सगळं आयुष्य एकच रेकॉर्डर वापरत होते, हे मला स्क्रूनं सांगितलं.

लॅपटॉपवर ऑडॅसिटीसारखं फुकट सॉफ्टवेअर घ्या. एकच चॅनेल, १६ बिट, ४४,१०० हर्ट्झ, आणि फाइल वेव्ह स्वरूपात ठेवा. एमपीथ्री करू नका. 'आवाज सुधारा', 'खरखर काढा' असले पर्याय तर अजिबात दाबू नका, ती खरखर हाच आपला मजकूर आहे. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात रेकॉर्डरचा आवाज मोठा दिला तर लहरींची टोकं कापली जातात. रेकॉर्डरचा आवाज कमी ठेवून पडद्यावरची लहर वरच्या-खालच्या रेषेला टेकत नाही ना ते बघा. प्रत्येक बाजू दोनदा उतरवा. मग ती वेव्ह फाइल टॅप किंवा टीझेडएक्स फाइलमध्ये बदलून फ्यूज इम्युलेटरमध्ये, म्हणजे लॅपटॉपवर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवून बघा. चाललं तर कॅसेट वाचली.

माझ्या अकरांना सहा आठवडे लागले, रोज शाळेतून आल्यावर एक तास. पहिल्या आठवड्यात मला अगदी नकोसं झालं होतं. चौथ्या आठवड्यात मी नुसत्या आवाजावरून सांगू लागले की इथं बिघडलंय.

ओसरीवरचा पहिला रविवार

जाताना मोकळ्या हातानं जाऊ नये. मी शेंगा चटणी आणि कडक भाकरी नेली. आमच्यात पूर्वीपासून तेच चालतं, कारण कडक भाकरी मोडून खाता येते आणि बोटं तेलकट होत नाहीत. चटणी मात्र चमच्यानं वाढायची आणि बोर्डापासून दूर ठेवायची.

पहिल्या दिवशी स्वतःचं मशीन नेऊ नका. दुसऱ्या कुणाचं काम चाललं असेल त्याला हात लावा. मी गेले तेव्हा तिघे बीबीसी मायक्रो नावाच्या एका जुन्या ब्रिटिश कॉम्प्युटरभोवती बसले होते. १९८४ मध्ये केंद्र सरकारनं शाळांसाठी क्लास प्रकल्प काढला, त्यात हे मशीन आलं होतं. हे कुठल्याशा शाळेच्या भंगारातून सुटलेलं. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये कागदी थराचे, पिवळसर पारदर्शक आवरणाचे दोन कंडेन्सर असतात. आवरणाला तडे जातात, आत दमट हवा शिरते आणि कधीतरी फटकन फुटून खोलीभर धूर होतो. तुमच्याकडे बीबीसी असेल तर तो चालेल की नाही हे बघण्याआधी हे दोन बदलून घ्या. पण ही २३० व्होल्टची बाजू आहे, बंद केल्यावरही आत दाब राहतो, नवख्यानं उघडू नये. मी त्या दिवशी दोन तास टॉर्च धरला आणि स्क्रू वाटीत वेगळे ठेवले. त्या दोन तासांत कोण कुठं आहे, कुणाच्या मुलाचं लग्न झालं, कोण पुण्याला गेलं, सगळं कळलं.

बायकांसाठी एक सांगते. आमच्या मंडळात मी एकटीच बाई होते, आताही एकटीच आहे. चहा कोण करणार हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. मी २००३ मध्येच सांगितलं होतं की आळीपाळीनं, आणि परत आल्यावर बघितलं तर ती पद्धत माझ्यामागे तेरा वर्षं तशीच चालू होती. त्या रविवारी चहा यजमानांनी केला.

मधल्या काळात बरंच बदललेलं असतं. स्पेक्ट्रम ज्यांच्या कंपनीनं काढला ते सर क्लाइव्ह सिंक्लेअर सप्टेंबर २०२१ मध्ये गेले. स्पेक्ट्रमचं रूप ज्यांनी घडवलं ते रिक डिकिन्सन त्याआधी, २०१८ मध्ये. स्पेक्ट्रममधला झेड८० हा प्रोसेसर, जो १९७६ पासून बनत होता, त्याच्या शेवटच्या ऑर्डरी तो बनवणाऱ्या झायलॉग कंपनीनं जून २०२४ पर्यंत घेतल्या. दुसरीकडे स्पेक्ट्रम नेक्स्ट नावाचं नवं मशीन लोकांनी पैसे जमवून उभं केलं, २०२४ मध्ये जुन्या रबरी कळांच्या रूपातलं एचडीएमआयवालं मशीन बाजारात आलं, आणि एसडी कार्डावरून सेकंदात गेम लोड करणारे जोड मिळू लागले. हे सगळं एका महिन्यात वाचून काढण्याची गरज नाही. मी सुरुवातीला तसा प्रयत्न केला आणि दमले. ओसरीवर बसलं की जे लागतं ते कानावर पडतंच.

एसडी कार्डाबद्दल माझं मत असं आहे: घ्या, रोजच्या वापराला ते सोयीचं आहे, आणि कॅसेटींची झीज वाचते. पण महिन्यातून एकदा तरी कॅसेटवरून लोड करा. लाल-निळसर पट्टे, मग निळे-पिवळे बारीक पट्टे, आणि चार-पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून वाट बघणं. हे आमच्या रविवारातलं निम्मं सुख आहे आणि ते मी सोडणार नाही.

आता मशीन

माझं मशीन मी तिसऱ्या रविवारी नेलं. प्लसच्या पोटाखालचे आठ स्क्रू काढल्यावर वरचं झाकण झटक्यात उचलू नका. कीबोर्डच्या दोन पातळ प्लास्टिकच्या पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात आणि इतक्या वर्षांत त्या वाळल्या पानासारख्या झालेल्या असतात. माझी एक तुटलीच. नवी मेम्ब्रेन मागवली, ती यायला महिना लागला. तोवर कंडेन्सर बदलून झाले, दाब स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरखालचा सुकलेला पांढरा लेप पुसून नवा लावला, तिन्ही दाब मोजले.

टीव्हीचं थोडक्यात. मूळ मशीन यूएचएफ ३६ नंबरच्या चॅनेलवर चित्र देतं. नव्या टीव्हीवर ते शोधत बसण्यापेक्षा टीव्हीसाठी सिग्नल तयार करणाऱ्या मॉड्युलेटरच्या आत तार बदलून सरळ व्हिडिओ बाहेर काढतात, आणि मग पिवळ्या पिनेच्या भोकात चित्र लागतं. दहा मिनिटांचं काम आहे, जाणत्याकडून करून घ्या.

चालू केल्यावर पडदा आधी काळा होतो, दोनेक सेकंदांत पांढरा होतो आणि खाली सिंक्लेअर रिसर्चची १९८२ सालची ओळ येते. रंगीत चौकटी किंवा उभ्या रेघा दिसल्या तर मेमरीचा घोटाळा, लगेच बंद करा. माझ्याकडे ओळ आली. मी काही आठवायचा प्रयत्न केला नाही, नुसती बोटं ठेवली. 'जे' दाबलं, लोड उमटलं. सिम्बॉल शिफ्ट धरून दोनदा 'पी', म्हणजे दोन अवतरणचिन्हं. एंटर. चौतीस वर्षांपूर्वी शिकलेलं बोटांत जसंच्या तसं होतं. तुमच्याही असेल, म्हणून पहिल्यांदा पुस्तक उघडू नका.

लोड करायला रेकॉर्डरऐवजी मोबाइल लावणार असाल तर आवाज पूर्ण ठेवा आणि फ्लाइट मोड आधी लावा. मधेच फोन वाजला तर सगळं पहिल्यापासून.

मी लोड केलं ते सरांचं पाढ्यांचं प्रोग्रॅम. स्पेक्ट्रममध्ये स्वतःची अक्षरं बनवायला २१ जागा असतात, प्रत्येक आठ बाय आठ ठिपक्यांची, सगळ्या मिळून १६८ बाइट. सरांना पाढे देवनागरी अंकांत हवे होते. दहा जागा शून्य ते नऊ अंकांना गेल्या. उरलेल्या अकरात त्यांनी ब, र, च, क, प, ढ, काना, वरची मात्रा आणि खालचा दीर्घ उकार बसवला. नऊ. एवढ्यात 'पाढा', 'चूक' आणि 'बरोबर' लिहिता येतं. बरोबरमधल्या 'रो'ची मात्रा वरच्या ओळीच्या चौकटीत जाते, 'चू'चा उकार खालच्या. प्रत्येक अक्षराच्या आठ ओळींपैकी शिरोरेघेची ओळ तेवढी सगळ्यांत सारखी: २५५, आठही ठिपके पेटलेले. सरांचे वडील चादरीवर नक्षी विणणाऱ्या जकार्ड यंत्रासाठी आलेख कागदावर नक्षी काढायचे, त्याच कागदांवर सरांनी ही अक्षरं रंगवली होती. आणि शेवटच्या दोन जागांत त्यांनी चादरीच्या काठाचा एक तुकडा बसवला होता, पडद्याच्या चारी कडांना फिरणारा.

त्या रविवारी आम्ही काकूंना ओसरीवर बोलावलं होतं. काठ उमटला तेव्हा त्या म्हणाल्या, "हे मामंजींचं डिझाइन." मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी सतराच्या पाढ्याची सगळी उत्तरं दिली. दर उत्तरामागे पडद्यावर बरोबर आलं.

नावं आणि नोंदी

उतरवलेल्या प्रत्येक कॅसेटीबरोबर एक कागद ठेवा. कुणाची, कुणाच्या अक्षरातली, वरच्या चिठ्ठीवर जसं लिहिलंय तसं, कोणत्या रेकॉर्डरवर वाचली, स्क्रू खुणेपासून किती फिरवला. कॅसेटीच्या चिठ्ठीचा फोटोही काढा. फाइलची एक प्रत ज्याची कॅसेट त्याच्या घरी, एक ओसरीवरच्या लॅपटॉपवर आणि एक तिसऱ्या कुणाकडे, निराळ्या घरात.

माझ्या अकरातल्या नऊ उतरल्या. एकीची फीत मधे चुरगळली आहे, तिच्यावर आम्ही मार्चमध्ये बसणार आहोत. सात नंबरच्या कॅसेटीवर सरांच्या अक्षरात नुसतं 'नवीन, अर्धं' लिहिलंय. हेडर वाचला जातो, नाव दिसतं, आणि मजकूर सुरू झाल्यावर अकराव्या सेकंदाला अडकतं, दर वेळी तिथंच. काकूंना माळ्यावर सरांचा मूळ रेकॉर्डर सापडलाय. पट्ट्याचं माप मी काल नवी पेठेत देऊन आले.